आईची रेकॉर्ड आणि माझी घाई

वाचकहो, ज्याच्या हातून चूक घडली त्यानेच ती चारचौघांत सांगावी, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान टळते, असे आमच्या गावची म्हातारी माणसे म्हणत. म्हणून हे लिहायला बसलो आहे. तुमच्याही घरात माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत किंवा कणगीच्या आडोशाला जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी पडलेल्या असतील. त्या संगणकात उतरवून घ्याव्यात असे मुलाबाळांनी सुचवलेही असेल. तसे असेल तर आधी हे वाचा आणि मग पेटीला हात घाला.

आमचे गाव नाणे मावळात. कामशेत स्टेशनावर उतरायचे आणि आत डोंगराच्या दिशेने जायचे. भात हेच आमचे पीक. आता आमच्याकडे इंद्रायणी तांदूळ होतो. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेले हे वाण सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मी सांगतो आहे त्या काळी आंबेमोहोर होता, आणि तोही घरच्यापुरताच. भातावर घर चालत नसे. म्हणून मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडची माणसे मुंबईला जात आणि डबे पोचवण्याचे काम करीत. माझे वडील त्यांतलेच. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन त्यांनी निम्मे आयुष्य लोकलगाडीत काढले. घरी यायचे ते चैत्रात जत्रेला आणि पावसाळ्यात आवणीला, तेही बदली माणूस देऊन. बाकीचे दहा-अकरा महिने शेत, गुरे आणि आम्हा चार भावंडांचा संसार एकटी आई ओढायची.

१९६६ सालच्या जत्रेला दादा आले ते पाठीवर एक चौकोनी पेटी घेऊन. चोरबाजारात घेतलेला चावीचा फोनो होता तो. बरोबर गोणपाटात गुंडाळलेल्या पंधरा-वीस तबकड्या. शहरात तेव्हा नव्या लाँगप्लेइंग रेकॉर्डी आल्या होत्या, त्यामुळे या जुन्या काळ्या, जड तबकड्या लोक स्वस्तात काढून टाकत होते. गावात वीज नव्हती, पण फोनोला वीज लागत नव्हती. चावी दिली, पिन टेकवली की झाले. त्या रात्री आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

त्यात एक रेकॉर्ड आईची होती. म्हणजे आईने कधी तसे म्हटले नाही, पण दादा मुंबईला परत गेले की महिन्या-पंधरा दिवसांनी, पोरे झोपली असे समजून, ती तेवढी एकच रेकॉर्ड लावायची. एका बाजूला माहेरच्या आठवणीचे गाणे आणि दुसऱ्या बाजूला अभंग. अभंगाची बाजू ती लावत नसे. “देवाचं देवळात ऐकते की,” म्हणायची.

मी सहा वर्षांचा असेन. जत्रेच्या धावपळीत माझा पाय पेटीला लागला आणि पिन रेकॉर्डवरून करकरत गेली. चर्रकन आडवा ओरखडा उठला. त्या दिवसापासून गाण्यात एका ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. आता मार बसणार म्हणून मी गोठ्यात लपलो. पण दादा हसून आईला म्हणाले, “असू दे गं. गुराच्या कानाला खूण करत्यात ना, तशी झाली. आता ही आपली.”

दादा १९९८ साली गेले. त्याआधीच फोनोची स्प्रिंग तुटली होती. रेकॉर्डी पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. लोणावळ्याच्या एका जुन्या बंगल्यात मी दरवर्षी तांदूळ पोचवतो. तिथल्या आजोबांनी बंगला आवरायला काढला होता. मला म्हणाले, “तुम्ही हे घेऊन जा. इथे पावसात सडून जाईल.” पाहिले तर विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर, ज्याला टर्नटेबल म्हणतात तो. सोबत डझनभर लाँगप्लेइंग रेकॉर्डी. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. आषाढ-श्रावणात तिथे कपडे वाळत नाहीत, चपलेवरसुद्धा बुरशी चढते. रेकॉर्डींच्या कागदी पाकिटांवरही पांढरी बुरशी आली होती.

घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, “मामा, हे माझ्या संगणकाला जोडू. गाणी एकदा आत उतरली की पिनेची झीज नाही नि बुरशीची भीती नाही. आजींची रेकॉर्डसुद्धा ऐकता येईल.” आईने वयाची चौऱ्यांशी गाठली आहे. ऐकायला कमी येते, कालचे आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे आठवते. तिला रेकॉर्ड परत ऐकवायची हे माझ्या मनाने घेतले.

प्लेअरमधून दोन वायरी निघतात, एक लाल आणि एक पांढरी. आम्ही बाजारातून जोडणीची वायर आणली आणि ती सरळ संगणकाच्या माइकच्या भोकात खोचली. रेकॉर्ड लावली. आवाज आला, पण कसा? मडक्यात डास गुणगुणावा तसा. त्यात खर्ज नव्हता की ढोलकी नव्हती, आणि वर सारखी ‘घूंऽऽ’ अशी घरघर.

असे का होते ते पुढे समजले, आणि ते शेतकऱ्याला समजायला मुळीच अवघड नाही. रेकॉर्डवर आपल्याला पुष्कळ रेघा दिसतात, पण ती असते एकच सरी, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल गेलेली. दहा इंची जुन्या तबकडीवरची एका बाजूची सरी सरळ केली तर शंभर मीटरच्या वर भरेल. ही सरी सरळ नसते, आवाजाप्रमाणे थरथरत गेलेली असते. पिन तिच्यातून चालली की तीही थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. आवाज जितका जाड, तितकी सरी जास्त वाकडी. जाड आवाज आहे तसा कोरला, तर नांगर शेजारच्या सरीत घुसेल. म्हणून रेकॉर्ड कापतानाच जाड आवाज दाबतात आणि बारीक आवाज चढवतात. ऐकताना हे उलटे करावे लागते. १९५४ च्या सुमारास सर्व कंपन्यांनी यासाठी एकच माप ठरवले. त्याआधी जो तो आपापल्या मापाने कापत असे.

हे उलटे करण्याचे काम एक लहानशी डबी करते. तिला फोनो प्रीअँप्लिफायर म्हणतात, दुकानात नुसते ‘फोनो प्रीअँप’ म्हटले तरी कळते. पिनेतून निघणारी वीज फार थोडी असते, व्होल्टचे काही हजारांश. ही डबी ती शंभरेक पटीने वाढवते, आणि जाड-बारीकही जागेवर आणते. डबीतून निघालेली वायर मग एका दुसऱ्या लहान यंत्रात जाते. ते यंत्र आवाजाचे आकडे करून यूएसबीच्या वायरीने संगणकाला देते. काही नव्या प्लेअरांत ही दोन्ही यंत्रे आतच बसवलेली असतात. तुमच्या प्लेअरच्या मागे यूएसबीचे तोंड असेल तर निम्मे काम झाले. आणि जुन्या सुटकेससारख्या प्लेअरांत पुष्कळदा वेगळ्या जातीची पिन असते. तिची वीज मुळातच जोरदार असल्याने तिला ही डबी लागत नाही. तेव्हा आपला प्लेअर कोणत्या जातीचा ते जाणकाराला दाखवूनच खरेदी करा.

राहता राहिली घरघर. प्लेअरच्या मागून एक तिसरी, बारीक, मोकळी वायर निघालेली असते. आम्ही ती बिनकामाची समजून गुंडाळून ठेवली होती. ती अर्थिंगची वायर. ती डबीवरच्या स्क्रूला आवळली आणि घरघर बंद. थोडी उरली होती तीही संगणक चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवल्यावर गेली.

संगणकात ‘ऑडॅसिटी’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम सूनबाईने घातला. त्यात आवाजाची रेघ पडद्यावर नाचत जाते. ती वरच्या-खालच्या कडेला टेकू द्यायची नाही, एवढेच सांभाळायचे. पाटाचे पाणी बांधावरून गेले की ते परत पाटात येत नाही, तसे एकदा कडेबाहेर गेलेले गाणे परत मिळत नाही. फाटका आवाज कायमचा राहतो. बंगल्यातल्या डझनभर रेकॉर्डी आम्ही चार दिवसांत उतरवल्या. बुरशी काढायला कोणी तरी सांगितले होते, की पाण्यात थोडे स्पिरिट मिसळून मऊ फडक्याने पुसा. तसे पुसले आणि रेकॉर्डी लख्ख झाल्या. माझा आत्मविश्वास वाढला. तिथेच घोडे पेंड खाते.

मग आईच्या रेकॉर्डीकडे वळलो. दोन अडचणी होत्या. एक म्हणजे जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात, आणि आमचा प्लेअर ३३ आणि ४५ चा. यावर सूनबाईने तोड सांगितली. रेकॉर्ड ४५ वर लावून उतरवायची आणि मग ऑडॅसिटीतच वेग ४५ चा ७८ करायचा. संगणक हिशेब करून गाणे मूळ चालीवर आणतो. दुसरी अडचण पिनेची. जुन्या तबकडीची सरी रुंद असते, नव्या रेकॉर्डीची बारीक. नव्याची पिन जुनीत घातली तर ती तळाशी घसरते आणि नुसता खरखराट ऐकवते. म्हणून ७८ साठी वेगळी, चौपट रुंदीची पिन मागवली. ती टपालाने यायला दहा दिवस लागणार होते.

ते दहा दिवस मी थांबायला हवे होते. पण हात रिकामे आणि मनात उत्साह. म्हटले, तोवर रेकॉर्ड पुसून ठेवू. आमच्या माळ्याखाली चूल, त्यामुळे ट्रंकेत धुराची काजळी आणि वर दमटपणाची बुरशी. आईची रेकॉर्ड मांडीवर घेतली. पाण्यात मिसळलेल्या स्पिरिटाने डाग निघेनात, म्हणून औषधाच्या दुकानातले निव्वळ स्पिरिट कापसावर ओतले आणि माहेरच्या गाण्याची बाजू चोळू लागलो. कापूस काळा कुळकुळीत झाला. मला वाटले, काय मळ निघतो आहे! आणखी कापूस घेतला, आणखी चोळले. मग बोट चिकटू लागले. उजेडात धरून पाहिले तर चकाकी गेलेली, रेघा पुसटलेल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीसारखी ती बाजू सपाट मंद दिसत होती.

मळ निघत नव्हता, वाचकहो. गाणेच निघत होते.

तसाच उठलो आणि रेकॉर्ड घेऊन गावातल्या सुताराकडे गेलो, कारण चिकटलेले, उखडलेले काही असले की आपण त्याच्याकडेच जातो. त्याने वास घेतला, नखाने कड खरवडली आणि म्हणाला, “अहो, ही तर लाख. लाकडाला पॉलिश करायला आम्ही लाखेचे पापुद्रे कशात विरघळवतो? स्पिरिटातच ना! तुम्ही तर रेकॉर्डीचं पॉलिश करून टाकलंत.”

मी मटकन खाली बसलो. साठी उलटलेला माणूस मी, पळसाच्या आणि बोरीच्या फांदीवर लाखेचा किडा बसतो हे मला माहीत. पण जुन्या रेकॉर्डी त्याच लाखेच्या, हे माहीत नव्हते. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी असे मिश्रण तापवून या तबकड्या दाबत. विलायतेच्या कारखान्यांतल्या तबकड्यांनाही लाख जायची ती प्रामुख्याने आपल्याच देशातून, आजच्या झारखंड-छत्तीसगडच्या रानातून. हिंदुस्थानात गाण्याच्या व्यापारी रेकॉर्डी उतरवण्याचे काम १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. गौहरजान या गायिका त्या पहिल्या कलाकारांतल्या. तेव्हापासून साठ-पासष्ट वर्षे आपल्याकडे लाखेच्या तबकड्या निघत होत्या. लाँगप्लेइंग रेकॉर्ड प्लॅस्टिकची, तिला पाण्यात मिसळलेले थोडे स्पिरिट चालते. लाखेच्या तबकडीला ते विष. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, पण जात निराळी. एका पिकाची फवारणी दुसऱ्यावर केली तर काय होते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

आईला सांगणे भाग होते. दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी ती ओटीवर तांदूळ निवडत होती, तिथे जाऊन बसलो. म्हटले, “आये, तुझी रेकॉर्ड माझ्या हातनं बिघडली. माहेरची बाजू गेली.” तिला नीट ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा मोठ्याने सांगावे लागले. एकच गुन्हा दोनदा कबूल केला. ती काही बोलली नाही. सूप झटकले आणि आत गेली. रागावली असती तर बरे वाटले असते.

पुढे पिन आली. रेकॉर्डीची दुसरी बाजू, अभंगाची, तिला मी स्पिरिट लावले नव्हते. ती आम्ही शहाण्यासारखी साफ केली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घेतले. हे शुद्ध पाणी बरे का, बॅटरीचे आम्ल नव्हे. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. मऊ फडके त्यात बुडवून घट्ट पिळून घेतले आणि रेघांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवले. मधल्या कागदी चकतीला ओल लागू दिली नाही. मग नुसत्या पाण्याचे फडके फिरवले आणि लगेच टिपून सावलीत सुकवले. ती बाजू उतरवली आणि आम्ही थक्क झालो. कधी लावलीच नव्हती, त्यामुळे झिजलेलीच नव्हती. फोनोचे जड डोके शंभर ग्रॅमांच्या पुढचे, त्यात लोखंडी पिन. त्याखालून शेकडो वेळा गेलेली बाजू झिजते. आजच्या प्लेअरची पिन दोन-चार ग्रॅमच टेकते. अभंग असा आला की गाणारी जणू ओटीवर बसली आहे. आईने तो ऐकला, हात जोडले आणि म्हणाली, “चांगलं हाय. पर हे ते न्हवं.”

सूनबाईने मग आणखी एक युक्ती केली. रेकॉर्डीच्या चकतीवर कंपनीचा क्रमांक छापलेला असतो. एका रेकॉर्डीच्या शेकडो-हजारो प्रती निघालेल्या असतात, त्यामुळे आपली गेली तरी जगात दुसरी कोठे तरी असू शकते. जुन्या रेकॉर्डी जपणारी माणसे आपल्याकडे आहेत. १९९० साली मुंबईत अशा संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. अशा हौशी माणसांमुळे किती तरी गाणी वाचली आहेत. क्रमांकावरून शोधता शोधता सूनबाईला तेच गाणे कोणी तरी उतरवून इंटरनेटवर ठेवलेले सापडले. तेच गाणे, तोच आवाज. आणि अगदी स्वच्छ, खरखर नाही की ओरखडा नाही.

संध्याकाळी आईला मध्ये बसवले, कानाला मोठे हेडफोन लावले आणि गाणे सुरू केले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचे डोळे मिटले, ओठ हलू लागले. मला वाटले, सुटलो. इतक्यात गाण्याच्या मध्यावर तिने मांडीवर बोट आपटले, ‘टक्’. आणि डोळे उघडले. थोडे पुढे ऐकले, हेडफोन काढले आणि म्हणाली, “गाणं त्येच हाय. पर ही आपली न्हवं.”

सूनबाईला काही उमगले नाही. मला उमगले. ओरखडा नव्हता. माझ्या पायाने पडलेला, दादांनी खूण म्हणून पत्करलेला तो ‘टक्’ साठ वर्षे तिच्या कानात त्या जागेवर बसला होता. गाणे जगात शंभर ठिकाणी असेल. पण दादा हसले ती रात्र फक्त आमच्या तबकडीत होती, आणि ती मी कापसाने पुसून काढली होती.

वाचकहो, याच्यावरून मला जे कळले ते तुम्हाला सांगतो. रेकॉर्ड संगणकात उतरवणे अवघड नाही. यंत्रे मिळतात आणि पोरे जोडून देतात. अवघड आहे ते घाई न करणे. काहीही पुसण्याआधी, धुण्याआधी रेकॉर्ड प्लॅस्टिकची की लाखेची ते ओळखा. ७८ फेऱ्यांची, जड, टिचकी मारली की कौलासारखी वाजणारी आणि पडली तर फुटणारी ती बहुधा लाखेची. स्पिरिट, रॉकेल, सेंट यांपैकी काहीही तिच्या जवळ नेऊ नका. सुक्या मऊ ब्रशने धूळ काढा आणि योग्य पिन लावून आहे तशी एकदा उतरवून घ्या, खरखरीसकट, ओरखड्यांसकट. ही पहिली प्रत ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवा. त्यात आवाजाचे काही कमी होत नाही. वेव्हमध्ये तीन मिनिटांच्या गाण्याला साधारण ३० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. ऑडॅसिटीत खरखर काढायची सोय आहे, पण ती वापरायची ती दुसऱ्या प्रतीवर. मोबाइलमध्ये ऐकायला एम.पी.थ्री करायची तीही त्या दुसऱ्या प्रतीवरून. पहिल्या प्रतीला कोणी हात लावायचा नाही. बियाण्याची कणगी आणि खायची कणगी आपण वेगळी ठेवतो, तसेच हे.

आणि बियाणे जसे एकाच घरात ठेवत नाहीत, तशी ही प्रतही एकाच संगणकात ठेवू नका. एक घरी, एक मुंबई-पुण्याच्या मुलाकडे, एक सासरी गेलेल्या लेकीकडे. रेकॉर्डी उतरवल्यावर भंगारात घालू नका. त्या उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. चुलीवरच्या माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लावून ठेवू नका. घरच्या रेकॉर्डी घरच्यापुरत्या उतरवून ऐकायला कायद्याची आडकाठी नाही. पण त्या विकायच्या किंवा जगजाहीर करायच्या असतील तर हक्क कोणाचा ते पाहावे लागते. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्याहून वेगळा मोजतात.

आणखी एक, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. गाण्याबरोबर त्याची हकिकत उतरवा. ती रेकॉर्ड कोणी आणली, कधी आणली, कोण ऐकायचे, ओरखडा कशाने पडला. हे चकतीवर छापलेले नसते. ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असते, आणि ते डोके आज आहे, उद्याचे सांगता येत नाही. आमच्या मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायका जात्यावर गात त्या ओव्या अशाच विरून गेल्या असत्या. पण गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता येतात, आणि किती तरी ओव्या त्या त्या बाईच्या आवाजात ऐकता येतात. मला त्यातले मोल वाटते ते असे की ओवीबरोबर बाईचे नाव आहे, गावाचे नाव आहे. नुसता आवाज राहिला असता तर तो कोणाचा, हे कोणी सांगितले असते?

म्हणून आम्ही शेवटी काय केले ते सांगतो. प्लेअर बाजूला ठेवला आणि त्याच यंत्राला माइक जोडला. आईपुढे तांदळाचे सूप ठेवले, कारण हात रिकामे असले की ती बोलत नाही. मी विचारले, “आये, दादांनी फोनो आणला ती जत्रा आठवती का?” ती म्हणाली, “न आठवायला काय झालं?” आणि पाऊण तास बोलत राहिली. मध्येच ती माहेरचे गाणे गुणगुणली. दोन कडवी आठवली, तिसरे आठवेना म्हणून स्वतःवरच चिडली. आवाज कापरा, तांदळाची सळसळ, मागे कोंबड्यांचा कलकलाट. सूनबाईने विचारले, “मामा, ही सळसळ काढू का?” मी म्हटले, “नको पोरी. काही काढू नकोस.”

नंतर ऐकताना लक्षात आले. गाण्याच्या मध्यावर, त्या ठरलेल्या जागी, आईने बोटाने सुपावर ‘टक्’ केले होते.

त्या मुद्रणाच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या आहेत. आईने मला माफ केले की नाही, ते मी विचारलेले नाही. पण परवा तिने आपणहून विचारले, “तुझं ते मशीन चालू हाय का? आवणीच्या टायमाला दादा यायचे त्येबी सांगायचं राह्यलंय.”

तुमच्या घरातही कोणाचे काही सांगायचे राहिले असेल. पेटी उघडण्याआधी ते विचारून घ्या.